वाघमारे बाईंचं हेरखातं

परवा लेकीच्या शाळेचं गॅदरिंग बघायला गेले होते. पडदा वर गेला आणि स्टेजवर काय, तर कोळीनृत्य! आम्ही राहतो सांगलीत. समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरून जावं लागतं, आणि आमच्या पोरी आपल्या जाळी फेकतायत. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "वाघमारे बाई असत्या ना, तर शिट्टी मारून सगळ्यांना खाली उतरवलं असतं." त्या म्हणाल्या, "कोण हो वाघमारे बाई?" आता हे काय खुर्चीत बसून, टाळ्यांच्या मधे मधे सांगण्यासारखं आहे होय? घरी आले, भाकरी टाकल्या आणि लिहायलाच बसले.

लोणंदला आमची मुलींची शाळा होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. वाघमारे बाई पीटी शिकवायच्या, आणि ज्या तासाला कुणी आलेलं नसेल त्या तासाला जे असेल ते शिकवायच्या. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकीच्या बाईंच्या चपला व्हरांड्याच्या टोकापासून ऐकू यायच्या, त्यामुळे सावरून बसायला वेळ मिळायचा. या बाईंचं काही कळायचंच नाही. मागच्या बाकावर चिंचा खात बसलेलं असावं आणि एकदम कानाशी आवाज यावा, "मला नाही का?" नुसतं विचारायच्या नाहीत, हात पुढे करून खरंच एक चिंच घ्यायच्या आणि खात खात फळ्याकडे जायच्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं हो. त्या चिंच खाण्यानंच आम्ही गार व्हायचो.

आडनाव वाघमारे आणि घाबरायच्या कशाला, तर पालीला! एकदा स्टाफरूममध्ये पाल निघाली तर बाई टेबलावर चढून शिट्टी वाजवत होत्या, आणि अख्खी शाळा कवायत समजून मैदानावर येऊन ओळीत उभी राहिली. शिपाईमामांनी पाल हाकलली, मग बाई खाली उतरल्या, मैदानावर आल्या आणि जसं काही ठरलंच होतं अशा थाटात आमच्याकडून पाच मिनिटं कवायत करून घेतली. "शिट्टीला किती वेळात येता ते बघत होते," म्हणाल्या. आता बोला!

बाईंचे वडील मिलिटरीत होते. "आमच्या आबांनी मला बाहुली कधी आणली नाही, होकायंत्र आणलं," असं त्या अभिमानानं सांगायच्या. वाचायच्या त्या फक्त रहस्यकथा, गावच्या वाचनालयातल्या, कव्हर निघालेल्या. त्या पुस्तकांची शेवटची पानं कुणीतरी हमखास फाडलेली असायची. मग मोकळ्या तासाला गोष्ट आम्हाला सांगताना शेवट बाई स्वतःच करायच्या, आणि मागच्या वेळचा शेवट या वेळी नसायचा. एक मात्र ठरलेलं. खुनी कुणीही असो, त्याला पकडणार गावातली एखादी सातवी पास बाई, तीही धुणं वाळत घालता घालता.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. "कारण नको, बातमी सांग." उशीर झाला आणि एखादी सांगायला लागली, "बाई, ते आमची म्हस सुटली आन्..." की बाई हात वर करायच्या. "कारण नको, बातमी सांग. वाटेत काय बघितलंस?" मग सांगायचं. फाटकापाशी मालगाडी थांबलीय, कुंभाराच्या दारात नवी सायकल आहे, कांद्याच्या वखारीपुढं पोलीस उभा आहे. बातमी चांगली असली की आत ये. नसली तर मैदानाला फेरी. याचा परिणाम असा झाला, की आमच्या वर्गातल्या उशिरा येणाऱ्या पोरी गावातल्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या तोंडात मारतील अशा तयार झाल्या.

आम्ही नववी ब मध्ये असताना गॅदरिंगची गोष्ट निघाली आणि दरवर्षीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, कोळीनृत्य. बाईंनी विचारलं, "समुद्र कुणी बघितलाय? हात वर." एक हात वर नाही. "बरं. हेर कुणी बघितलाय?" पुन्हा एक हात नाही. बाई खूश. "तेच तर! हेर दिसला तर तो हेर कसला? म्हणजे उद्या आपण हेर झालो तर कोण म्हणणारे, की तुम्ही नाही आहात म्हणून? या वर्षी नाच नाही. पिक्चर काढायचा."

पिक्चर म्हणजे खराखुरा, कॅमेऱ्यानं काढलेला. गावात रफिकभाई लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे, त्यांचा फोटो स्टुडिओही होता. पौष महिना चालू होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे त्यांचा कॅमेरा खुंटीला टांगलेला होता. बाईंनी तो उतरवायला लावला. गोष्टही बाईंनीच लिहिली. शत्रूची एक टोळी कांद्याच्या ट्रकातून बॉम्ब नेत असते, आणि एका शाळेतल्या मुलींना त्यांच्या बाई गुपचूप हेरगिरीचं शिक्षण देऊन त्या टोळीवर सोडतात. नाव, 'नववी ब च्या हेर'. टोळीची म्होरकी म्हणून लायब्ररीच्या बाई उभ्या राहिल्या. मी उंच, म्हणून मला म्होरकीचा पहारेकरी केलं आणि काजळाच्या मिशा काढल्या. तोवर उंचीपायी सगळे मला चिडवायचे. बाई म्हणाल्या, "हिच्याशिवाय पिक्चर होणारच नाही," आणि मी त्या दिवशी घरी जाताना दारात वाकायची ती वाकले नाही, कपाळ आपटून घेतलं.

हेर म्हणून निवडल्या कुणाला? ज्या पोरी तासाला खिडकीतून बाहेर बघतात म्हणून बाकीच्या बाई अंगठे धरायला लावायच्या त्यांना. ज्यांना घरी भोचक म्हणायचे, ज्या दोन बायका बोलत असल्या की उगाच पायातला काटा काढत तिथंच रेंगाळायच्या, त्यांना. "हा गुण आहे," बाई म्हणाल्या, "तुम्हाला आतापर्यंत कुणी सांगितलं नाही एवढंच." आयुष्यात आमच्यातल्या कितीजणींना तेव्हा पहिल्यांदा कुणी गुणी म्हटलं असेल! अजून आठवलं की माझी मान ताठ होते.

मग शिक्षण सुरू झालं. नीरेच्या कालव्याकडे एकाचा ऊस तुटून गेला होता आणि रानात पाचट पडलं होतं. त्या वाळक्या पाचटावरून आवाज न करता चालायचं. सांगते, कुणीही करून बघा! कुत्रं चाललं तरी ते पाचट कुरकुरतं. बाई बांधावर पाठ करून बसायच्या आणि आवाज आला की नाव घेऊन परत पाठवायच्या. पायांना रेघोट्या उठायच्या. आई विचारायची, "गं बया, शाळेत जातीस का खुरपायला?" एकच पोरगी त्यातून पार झाली आणि जाऊन बाईंच्या शिट्टीची दोरी ओढली. ती रेखा जगताप. ती पिक्चरची हिरॉईन झाली.

बाजाराच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, पाठलागाचा सराव. प्रत्येकीनं एक माणूस धरायचा, त्याला कळू न देता त्याच्या मागं जायचं आणि येऊन बातमी द्यायची. मला नेमून दिला तपकिरी मफलरवाला. थंडीच्या दिवसांत लोणंदच्या बाजारात तपकिरी मफलर काय एकाला असतो? मी धरला तो भलताच निघाला. तो एका हॉटेलात मागच्या खोलीत गेला, मफलर सोडला आणि मिसळ मागवली. मी येऊन बातमी दिली, "इसमानं मिसळ खाल्ली. वर तर्री मागून घेतली. पाव परत मागवले."

"इसमाचं नाव?"

"हेडसर."

आमचे हेडसर गुरुवारचा कडक उपास करायचे आणि शुक्रवारी प्रार्थनेनंतर आम्हाला संयमावर भाषण द्यायचे. बाईंनी छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ही बातमी आपल्याकडे नाही."

"आहे की, बाई."

"आहे गं. पण नाही."

हेरगिरीतला तो मोठा धडा होता म्हणे. मला तेव्हा काही कळला नाही.

आता रेखाबद्दल सांगते. लहान चणीची, चटपटीत, कुणाचीही नक्कल करायची. बाईंची चाल तर अशी करायची, की बाई स्वतः खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. वडील मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, थोडा ऊस, कडक इस्त्रीचा माणूस. रेखाला शिकायचं होतं. दहावी, बारावी आणि मग मास्तरीण. हे ती सगळ्यांना सांगत सुटायची, वडिलांना सोडून.

शूटिंग अर्धं झालं आणि रेखा शाळेत यायची बंद झाली. आधी वाटलं ताप असेल. एके दिवशी रफिकभाई कॅमेऱ्याची पेटी आवरता आवरता सहज बोलून गेले, "हिरॉईन बदला आता, बाई. पोरीचा उभा फोटो काढला की मी."

बाईंचा कप बशीवर आपटला. "उभा? साडीत?"

"साडीत. फुलांच्या स्टँडशेजारी."

आमच्याकडे पोरीचा साडीतला उभा फोटो कशासाठी काढतात हे शेंबडं पोरही सांगेल. पाहुण्यांकडे पाठवायला. "रफिकभाई," बाई म्हणाल्या, "मी इथं पोरींना पाचटावरनं चालायला शिकवतेय आणि तुम्ही खुर्चीत बसून सगळं ठाऊक असलेले!" रफिकभाई कावरेबावरे झाले. "मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल. तुमचंच हेरखातं."

बाई त्याच संध्याकाळी हवालदारांच्या घरी गेल्या. आम्ही कुंपणापाशी होतो, हे सांगायला नको. हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमी लय चांगल्या हाय. पर पोरीचं काय करायचं ते आमचं आमी बघू. पावणं चांगलं हायती, तासगावकडं द्राक्षबाग हाय. तुमी तुमची शिट्टी वाजवा." हे शेवटचं ते टाकून बोलले नाहीत, पण लागायचं तिथं लागलं. परत येताना कॅनव्हासचे बूट असूनही बाईंचा पाय वाजत होता, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदानावर बोलावलं. "पिक्चर गेला खड्ड्यात," म्हणाल्या, "मला रेखा पाहिजे. पाहुणे कुठं आणि कधी, बातमी काढा."

आणि आम्ही काढली! बघा, कशी ते. रेखाच्या शेजारची मंगल आमच्यात होती. भिंतीपलीकडून तिनं रेखाच्या आईला ऐकलं, "सांगलीला मामीपुढं असं वाकायचं, आन् ट्रे हालला न्हाई पायजे." म्हणजे बघायचा कार्यक्रम लोणंदला नाही, सांगलीला मामाच्या घरी. का, तर बाईंची कटकट नको. मी परटाकडे आमचे कपडे आणायला गेले तर तिथं हवालदारांचा फेटा खळीत पडलेला. "शनवारी पायजे म्हणलेत, कडक," परीट म्हणाला. शनिवारी फेटा, म्हणजे रविवारी पाहुणे. बाईंनी आम्हा दोघींच्या पाठीवर अशी थाप मारली की मंगल पुढं गेली. "शाब्बास," म्हणाल्या. "आबा असते तर त्यांना सांगितलं असतं."

हेडसरांनी सांगलीला जायची परवानगी नाकारली. रविवारी, मुलींना घेऊन, आणि कशाला? बाई म्हणाल्या, पिक्चरमध्ये कृष्णेचा घाट पाहिजे. हेडसर म्हणाले, नीरा चालवून घ्या. तेव्हा बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, एवढा रविवार द्या. गुरुवारी आम्ही कुणाच्या वाटेत येणार नाही." हेडसरांनी मफलर नीट केला आणि सही केली. 'आहे पण नाही' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. बाई, रफिकभाई कॅमेऱ्यासकट, मी आणि मंगल. मी दिव्याचा स्टँड धरायचा, मंगलनं वायर. बेत काय, असं मी कराडला विचारलं. बाई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या घरी अनोळखी माणूस शिरला तर काय होतं?"

"हाकलतात."

"लग्नाच्या बाबतीत नाही. पोरीकडच्यांना वाटतं हे पोराकडचे आणि पोराकडच्यांना वाटतं हे पोरीकडचे. विचारणार कोण? विचारलं तर मान दिला नाही असं होतं." आणि डब्यातला लाडू काढून शांतपणे खायला लागल्या.

मामाचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला होतं. मामा हळदीच्या अडतीवर होता, सगळ्या गल्लीलाच हळदीचा वास. आम्ही दारात पोचलो आणि बाईंनी म्हटल्याप्रमाणे शब्द न् शब्द झालं! मामानं कॅमेरा बघितला आणि त्याला वाटलं, अरे बापरे, पोराकडच्यांनी शूटिंग आणलं. त्यानं धावत येऊन पाटी-पसारा हलवला. आत पोराचे वडील अण्णासाहेब बसले होते, त्यांना वाटलं पोरीकडच्यांनी शूटिंग ठेवलंय, माणसं मोठी दिसतात. त्यांनी टोपी सरळ केली. पोरगा बिचारा पायाचा अंगठा बघत होता, त्यानं केसावरून हात फिरवला. एकट्या हवालदारांना सगळं कळलं. कडक फेट्याखाली त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण बोलणार काय? ही शाळेची बाई, सोयरीक मोडायला आलीय, असं चारचौघांत म्हणायचं? नाक कुणाचं कापलं जाणार? ते मिशीला पीळ देत बसले.

रेखा ट्रे घेऊन आली. तिनं आम्हाला बघितलं आणि खरंच सांगते, ट्रे तसूभर हलला नाही. शिकवलेली पोरगी होती ती.

पोराची आत्या मात्र खमकी होती. तिनं बाईंना आपादमस्तक न्याहाळलं, कॅनव्हासच्या बुटांवर जरा जास्तच थांबली आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणायचं, बाई?"

आडनाव कशासाठी विचारतात हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई सरळ बसल्या. "वाघमारे. जय भीम."

आत्याबाईंचा हात बाईंच्या दिशेनं निघालेल्या कपावर थांबला. मला इतका राग आला की दिव्याचा स्टँड आपटावासा वाटला. बाई नजर न वळवता आत्याबाईंकडे बघत होत्या. आणि तेवढ्यात हवालदार बोलले. "आमच्या पोरीच्या बाई हायत्या. आधी त्यास्नी चा द्या, मग आमास्नी." आवाज असा, की आत्याबाईंनी कप उचलून बाईंच्या हातात दिला. "मिलिटरीच्या लंगरात एका पंगतीला जेवलेली मानसं आमी," हवालदार म्हणाले आणि पुन्हा मिशीला लागले. बाईंनी चहा बशीत ओतला आणि फुरका मारून प्यायल्या. तो फुरका मला अजून ऐकू येतो.

मग बाई उठल्या. माईक म्हणजे टॉर्चला गुंडाळलेला काळा मोजा होता. रफिकभाईंनी कॅमेरा खांद्यावर घेतला, मी दिवा लावला. बाई अण्णासाहेबांपुढे जाऊन बातम्या देणाऱ्यांच्या आवाजात म्हणाल्या, "सुनेच्या शिक्षणाबद्दल आपले विचार काय?"

कॅमेऱ्यापुढं माणूस काय होतो ते मी त्या दिवशी बघितलं. साखरेच्या भावाबद्दल बोलणारे अण्णासाहेब एकदम पुढारी झाले. "आम्ही," ते म्हणाले, "स्त्रीशिक्षणाचे... म्हणजे आम्ही पहिल्यापासूनच... सून म्हणजे लेक! दहावी काय, बारावी काय, पार कालेजपर्यंत शिकवणार!" मामा टाळ्या वाजवायला लागला. पोराकडच्यांनी एवढं म्हटलं, मग आपण कसं मागं राहायचं? तो माईकपाशी तोंड नेऊन म्हणाला, "आमच्या भाचीला म्या सायकल देनार!" एवढ्यात लाइट गेली.

हातातला दिवा विझला. मी कॅमेऱ्याकडे बघितलं, तर त्याचा लाल ठिपका एकदा मिचमिचला आणि तोही गेला. बॅटरी लग्नसराईत केव्हाच मेली होती, सगळी मदार घरच्या विजेवर. रफिकभाईंनी त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. "चालू हाय, चालू हाय, बॅटरीवर हाय," मोठ्यानं म्हणाले आणि डाव्या हातानं कान खाजवला. पिक्चरमधल्या खुणेप्रमाणे कान खाजवणं म्हणजे गडबड आहे. बाईंनी बघितलं आणि माईक तसाच हवालदारांपुढे धरला.

"हवालदारसाहेब, मग लग्न बारावीनंतरच म्हणायचं ना?"

हवालदारांनी बाईंकडे बघितलं. मग ट्रे घेऊन उभ्या असलेल्या रेखाकडे. रेखानं ओठ आवळले होते. "व्हय," ते म्हणाले. "बारावी हुईस्तवर न्हाई. शब्द हाय माजा."

स्टेशनावर जाताना रफिकभाईंनी ओळखीच्या एका स्टुडिओत कॅसेट पुढं-मागं करून बघितली आणि परतीच्या गाडीत बसल्यावर सांगितलं, "बाई, लाइट गेली तशी टेप गुंतली. अण्णासाहेबांचं 'आम्ही' एवढंच आलंय." बाई हसायला लागल्या. सबंध डबा बघायला लागला तरी थांबेनात. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे या बाकावरच राहील."

रेखा परत शाळेत यायला लागली, पिक्चर पुरा झाला. पण गॅदरिंगच्या तोंडावर तासगावहून निरोप आला, माघातला पहिला मुहूर्त धरा, कॅमेऱ्यापुढचं बोलणं बोलण्यापुरतं होतं. हवालदारांच्या भावकीनं त्यांना घेरलं. हाती आलेलं स्थळ सोडू नका, पोरगी थोराड व्हायच्या आत उजवा, असलं काहीबाही. हवालदार म्हणाले, "थांबा. पिक्चर बघू. अण्णासाहेब काय बोललेत ते समद्यांस्नी दावतो."

गॅदरिंगला स्टेजवर दोन टीव्ही ठेवले होते. हवालदार पहिल्या रांगेत, फेटा बांधून, भावकी शेजारी. पिक्चर रंगला हो! मी मिशा लावून पडले तेव्हा तर माझी आईच ओरडली, "अगं, लागलं का?" रेखानं म्होरकीला कांद्याच्या ढिगात पाडलं आणि सगळा मांडव उभा राहिला. मग 'समाप्त' आलं. टाळ्या थांबल्या, तरी हवालदार उभेच. "बाई," ते म्हणाले, "आमचं सांगलीचं कुठाय?"

मला वाटलं आता संपलं. रेखा स्टेजच्या कडेला उभी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाई पुढे आल्या. सहज काहीतरी थाप मारता आली असती, त्यांच्याइतक्या थापा कुणाला येत होत्या? पण त्या म्हणाल्या, "हवालदारसाहेब, सांगलीत लाइट गेली होती. कॅमेरा बंद होता. अण्णासाहेबांचं नाही, तुमचंही नाही. टेपात काहीच नाही. मी तुम्हाला फसवलं."

भावकीतला एकजण लगेच म्हणाला, "मंग झालं की! सुटला तुमी, दादा."

हवालदार त्याच्याकडे वळले. "सुटलो? कशातनं रं?" मग त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "म्या शब्द बाईंस्नी दिलाय. कॅशेटीला न्हाई."

वाघमारे बाईंनी तोंड फिरवलं. त्या रडल्या की काय ते मला सांगता येणार नाही, पण बराच वेळ शिट्टी साडीच्या पदरानं पुसत होत्या. रेखानं स्टेजवरून थेट वडिलांच्या अंगावर उडी मारली आणि त्यांचा फेटा खाली पडला.

तासगावचं स्थळ गेलं. रेखानं दहावी केली, बारावी केली आणि पुढं डी.एड.ही केलं. आज ती एका वस्तीशाळेत शिकवते, आणि पोरी उशिरा आल्या तर काय विचारत असेल ते मी सांगायची गरज नाही. नववी ब मधल्या आम्ही सगळ्याच दहावीला बसलो. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या एकीचंही लग्न झालं नाही. गावाला याचं काही विशेष वाटलं नाही, पण मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी मिरवणार.

आमची दहावी झाली त्या वर्षी बाईंची बदली पाटणला झाली. संस्थेची तिकडं एक शाळा होती, कोयनेच्या खोऱ्याकडं. एसटी स्टँडवर निम्मं गाव लोटलं होतं. हेडसर होते, रफिकभाई होते. बाईंची पिशवी माझ्या हातात होती, म्हणून मी त्यांच्या अगदी जवळ होते, आणि म्हणून मला ऐकू आलं.

हवालदार गर्दीतून वाट काढत आले. इकडं-तिकडं बघितलं. बाई गाडीत चढून खिडकीशी बसल्या होत्या, ते खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, पाटणच्या वरल्या अंगाला माझी भन दिलीय. तिच्या पोरीला बघायला पावणं यायचं चाललंय. आमचं दाजी कुणाचं ऐकत न्हाईत. म्या सांगितलं म्हणून सांगू नगासा."

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "आम्ही कुणाचं नाव सांगत नाही, हवालदारसाहेब. पोरीचं नाव काय?"

"सुमन."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पिशवी खिडकीतून आत दिली. बाईंनी ती मांडीवर घेतली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

"कितवीत आहे?"

"नववीत," हवालदार गाडीबरोबर चालत चालत म्हणाले.

"मग वेळ आहे," बाई म्हणाल्या, आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडली.